दुधाचा हिशेब लिहिलेले कार्ड

पत्र

आदरणीय सर,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. मी पुण्याच्या रास्ता पेठेत राहते. वय ६७. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात) मी बावीस वर्षे शिकवले. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, ते काम थांबवले. त्याच वर्षीच्या उपवासकाळात प्रार्थनेला बसले असताना प्रभूने मनात घातले की, माझ्या वर्गातून गेलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या वाढदिवसाला एक पोस्टकार्ड पाठवावे. हजेरीच्या जुन्या वह्यांतून १३७ नावे निघाली. तेव्हापासून एकही वाढदिवस चुकवलेला नाही. सोळाशेच्या वर कार्डे गेली असतील. उत्तरे आली तीन, आणि त्यांतल्या दोन लग्नपत्रिका.

तीन वर्षांपूर्वी महिला मंडळात मी याची साक्ष दिली. सगळ्यांना फार आवडले. पण तेव्हापासून जो तो विचारतो, ‘ताई, कोणाचे काही आले का?’ गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी सांत्वनाला गेले होते. स्वयंपाकघरात खिळ्याला माझे कार्ड अडकवलेले दिसले. फार आनंद झाला. जवळ जाऊन पाहिले, तर मजकुराखालच्या कोऱ्या जागेत दुधाचा हिशेब मांडलेला. घरी येऊन रडले. मुलगा म्हणतो, ‘आई, व्हॉट्सअॅपच्या दिवसांत हे कशाला?’ मला भीती वेगळीच वाटते. प्रभूने सांगितले असे जे मला वाटले, ते माझ्याच मनाचे होते का? आणि फळ दिसत नसेल, तर याला आज्ञापालन म्हणायचे की नुसती सवय? थांबवू का?

ता. क. पुढच्या महिन्यात १७ तारखेला दोघांचे वाढदिवस आहेत. त्यांतल्या मुलीचे गेल्या वर्षीचे कार्ड ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आले होते. तिला पाठवू की नको?

उत्तर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यापाशी अडखळलो. पहिल्या वाचनानंतर लगेच मनात आले ते असे की, कार्ड कचऱ्यात गेले नाही, रोज सकाळी दूध आले की नजर पडेल अशा जागी ते टांगलेले होते, तेव्हा त्या घरात तुमचे दोन शब्द दररोज कोणीतरी वाचतच असणार. हे मी लिहूनही काढले होते, मग खोडले. ते खोटे असेलच असे नाही, पण ते मला ठाऊक नाही, आणि तुमचे डोळे पुसण्यासाठी मी कल्पनेने एक फळ घडवून तुमच्या पदरात टाकले, तर ज्या दुखण्यासाठी तुम्ही लिहिले आहे तेच दुखणे वाढेल. कारण उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी ते कार्ड रद्दीत दिसले की तुम्ही पुन्हा माझ्याकडे याल आणि तेव्हा माझ्यापाशी सांगायला काही उरणार नाही. कदाचित त्या घरच्या बाईंना हिशेबासाठी कागद हवा होता आणि हाताशी तुमचे कार्ड आले, एवढेच घडले असेल. आपण तसेच धरून चालू.

महिला मंडळात साक्ष दिल्याचे तुमच्या पत्रातले वाक्य तुम्ही ओझरते लिहिले आहे. मला मात्र ते फार महत्त्वाचे वाटते. पहिली नऊ वर्षे तुम्ही कार्डे पाठवलीत तेव्हा उत्तरे आली नाहीत म्हणून तुम्हाला रडू आल्याचे तुम्ही कुठे म्हटलेले नाही. दुखणे सुरू झाले ते महिला मंडळात साक्ष दिल्यानंतर. साक्ष देणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पण आपल्या मंडळ्यांत साक्षीची जी रीत पडली आहे तिच्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे, ती या निमित्ताने सांगून टाकतो. आपण उभे राहून सांगतो त्या गोष्टींना नेहमी शेवट असतो: प्रार्थना केली आणि नोकरी लागली, पत्रक दिले आणि माणूस बदलला, उपास केला आणि मुलगा घरी परतला. ज्या गोष्टींना शेवट नाही त्या कोणी सांगत नाही, कारण सांगितल्या तर ऐकणाऱ्यांनी ‘आमेन’ कुठे म्हणायचे हेच त्यांना कळत नाही. मग वर्षानुवर्षे असे ऐकून आपला समज होतो की प्रत्येक आज्ञापालनाच्या पोटात एक गोष्ट दडलेली असते आणि ती बाहेर येत नसेल तर आपलेच काहीतरी चुकले असले पाहिजे. तुमच्या मैत्रिणी ‘कोणाचे काही आले का?’ असे विचारतात ते दुष्टपणाने नव्हे. तुम्ही सांगितलेल्या गोष्टीचा शेवट त्यांना हवा आहे. आणि तो आणून देण्याची जबाबदारी नकळत तुम्ही स्वतःवर घेतली आहे.

या रीतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्या घरचेच आहे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. काव्यावरून बोलणे निघाले, ते धर्मावर आले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. ही वाचलीत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांच्या पदांनी मराठी उपासनेला स्वतःचा गळा दिला. ही गोष्ट मी लहानपणापासून निदान पन्नास उपदेशांत ऐकली असेन, आणि उपदेशकाला त्यातले भाकीत नेहमीच फार आवडते. पण जरा त्या डब्यात जाऊन बसा. आपल्याला शेवट ठाऊक आहे म्हणून आपण ही गोष्ट शेवटाकडून मागे सांगत येतो. त्या प्रवाशापुढे त्या दिवशी होता तो एक अनोळखी, तल्लख, वाद घालणारा चित्पावन तरुण, आणि हातात होते एक पुस्तक. असे पुस्तक हाती देणाऱ्या माणसाने ते आयुष्यात एकदाच दिले असेल असे मला वाटत नाही. आणखी किती डब्यांत किती जणांना त्याने प्रती दिल्या असतील, आणि त्यांतल्या कितींची पाने पुढे फुटाण्यांच्या पुड्यांना लागली असतील, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्या पुड्या झालेल्या प्रती देताना त्याने केलेले आज्ञापालन टिळकांना प्रत देतानाच्या आज्ञापालनापेक्षा कमी दर्जाचे होते का? तसे आपण मानत असू, तर आपण आज्ञा पाळणाऱ्याला वाचकाच्या गुणांवरून गुण देतो आहोत.

पवित्र शास्त्रात याहून कठीण उदाहरण आहे आणि ते आपण सगळे वर्गात शिकवत आलो आहोत. मार्काच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायाच्या शेवटी ती गरीब विधवा मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे एक दमडी टाकते. येशू शिष्यांना जवळ बोलावतो आणि तिने सर्वांपेक्षा अधिक टाकले असे त्यांना सांगतो. शिष्यांना, ताई, तिला नव्हे. तिला कोणी हाक मारल्याचे, कोणी थांबवल्याचे मार्क लिहीत नाही. तिची दमडी दोन हजार वर्षे जगभर वाचली जाईल हे तिला त्या संध्याकाळी कोणी सांगितले नाही. घरी गेली असेल तेव्हा उद्याच्या पिठाची चिंता तिच्याबरोबर घरी गेली असेल. इथपर्यंत आपण मुलांना शिकवतो. पण अध्यायाची रेघ पुसून पुढे वाचा. तेराव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यांत एक शिष्य मंदिराचे चिरे किती भव्य आहेत म्हणून कौतुक करतो, आणि येशू म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर खरोखरच पाडले. म्हणजे ज्या भांडारात तिची दमडी पडली ते भांडार ज्या इमारतीचे होते, ती इमारत पडणार हे प्रभूला ठाऊक होते, आणि तरीही त्याने त्या बाईला कोणी अडवावे असे म्हटले नाही, की तिचे दान वाया गेले म्हणून हळहळही केली नाही. परिणामाच्या वहीत पाहिले तर तिचे दान शून्यापाशी जाते. प्रभू दुसरी वही पाहत होता.

आपल्या जवळचे उदाहरण केडगावचे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने तास-दीड तासाच्या अंतरावर पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. काम वर्षानुवर्षे चालले. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुलीबायकांनीच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून झाले ते १९२४ मध्ये. इथे थांबून ‘पाहा, शेवटी फळ आलेच’ असे म्हणणे सोपे आहे. पण प्रामाणिकपणे पुढचेही सांगायला हवे: आज आपल्या बहुतेक मराठी मंडळ्यांत उपासनेच्या वेळी उघडले जाते ते रमाबाईंचे भाषांतर नव्हे, बायबल सोसायटीचे. तुमच्या वेदीवरचेही तेच असणार. ज्या बायाबापड्यांसाठी त्या विदुषीने म्हातारपणी शब्द वेचले, त्यांच्या नातीपणतींच्या हाती ते पुस्तक फारसे नाही. मग तिचे ते आज्ञापालन फुकट गेले असे तुम्ही म्हणाल का? मला तर तसे म्हणायला जीभ वळत नाही, आणि त्याचे कारण मला परिणामांत कुठेच सापडत नाही. तिला जे करायला सांगितले गेले असे तिने ओळखले ते तिने दररोज केले, एवढ्यातच ते सापडते.

आता तुमचा खरा प्रश्न: ते प्रभूचे होते की माझ्या मनाचे? याचे उत्तर कार्डांच्या उत्तरांवरून मिळणार नाही. १३७ पैकी १०० जणांनी उत्तरे पाठवली असती तरी ती कल्पना तुमच्याच मनाची असू शकली असती. लोकांना आवडणारी कामे मनही सुचवते. मी अशा वेळी काही साध्या गोष्टी पाहतो. जे सुचले ते शास्त्राच्या शिकवणीला धरून आहे का? त्याची किंमत मी मोजतो की माझ्या नावाने दुसऱ्याला मोजावी लागते? कोणी पाहत नव्हते तेव्हाही ते माझ्याने होत होते का? तुमच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर उघड आहे. दुसऱ्याचेही: कार्ड पन्नास पैशांचे असले तरी ते मिळवायला हल्ली पोस्टाच्या खिडकीवर दोनदा खेपा घालाव्या लागतात, आणि त्या तुमचे गुडघे घालतात. तिसऱ्याचे उत्तर त्या पहिल्या नऊ वर्षांनी दिलेले आहे. याहून अधिक खात्री, तुम्हाला काय किंवा मला काय, या जन्मी मिळेल असे मला वाटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत दिमिष्कातल्या हनन्याला शौलाकडे जायची आज्ञा झाली, तेव्हा त्याला नाव, गल्ली, घरमालक, सगळे सांगितलेले होते. आपल्याला बहुधा ‘कार्ड पाठव’ एवढेच कळते.

आणि सवयीला इतके कमी लेखू नका. लूक लिहितो की येशू शब्बाथ दिवशी ‘आपल्या परिपाठाप्रमाणे’ सभास्थानात गेला. त्यालाही परिपाठ होता. ज्या कामात दररोज मन उचंबळून येते तेवढेच खरे, असा नियम केला तर आपल्यापैकी एकाही आईने मुलाचा डबा भरला नसता. सवय वाईट होते ती माणूस दिसेनासा झाल्यावर. कार्ड लिहायला घेता तेव्हा त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो का, त्याचे वर्गातले बोलणे, त्याचा शेंबूड, ख्रिस्तजन्माच्या नाटकात मेंढपाळ होऊन त्याने पाठांतर कसे विसरले होते ते? येत असेल तर लिहा. नुसता यादीतला अनुक्रमांक येत असेल, तर त्या दिवशी पेन खाली ठेवा आणि आधी त्याच्यासाठी प्रार्थना करा. चार दिवस उशीर झाला तर होऊ द्या. आजवर एकही वाढदिवस चुकवला नाही, या वाक्यात मला थोडा अभिमान ऐकू आला. माझ्या कानांचा दोष असेल तर क्षमा करा.

उत्तर न देणाऱ्यांच्या बाजूनेही एक शब्द सांगतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे. अहमदनगरच्या ज्या बोर्डिंगात मी शिकलो, तिथले एक गुरुजी मला सात-आठ वर्षे दर नाताळाला पत्र पाठवत असत. पहिल्या वर्षी परीक्षा होती म्हणून उत्तर राहिले. दुसऱ्या वर्षी दोन पत्रांचे एकदम उत्तर लिहायचे म्हणून चांगले, मोठे लिहू असे ठरवले, आणि ते कधीच झाले नाही. तिसऱ्या वर्षापासून लाज वाटू लागली. पुढे ते वारल्याचे कळले. त्या पत्रांनी मला विश्वासात टिकवले असे मी म्हणणार नाही. ते खरे नाही, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर खोटी साक्ष खपवणे मला आवडत नाही. फक्त एवढे आहे की त्यांचे अक्षर आजही मी हजारांत ओळखीन: काळ्या शाईचे, उजवीकडे झुकलेले, आणि ‘ख्रि’ लिहिताना वेलांटी थेट वरच्या ओळीत घुसलेली. याला फळ म्हणायचे की नाही हे मी ठरवू शकत नाही, आणि त्यांना तर ते कधीच कळले नाही.

तेव्हा थांबवू का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नको’ असे आहे. पण आहे तसेच चालवा असेही मी म्हणत नाही. महिला मंडळात यापुढे कोणी विचारले तर ‘ते काम चालू आहे’ एवढेच सांगा आणि विषय बदला. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभू म्हणाला ते अशाच प्रसंगांसाठी असावे. उत्तरे किती आली ही मोजणी बंद करा. तीन हा आकडा तुम्ही विसरलात तर बरे. १३७ नावांतली काही मुले आता पस्तिशी-चाळिशीची असतील, काहींनी दुसरी मंडळी धरली असेल, कोणी विश्वासापासून दूरही गेले असेल. त्यांतल्या कोणी किंवा त्यांच्या घरच्यांनी कार्ड नको असे कधी सुचवले असेल, तर ते मुकाट्याने मान्य करा. जे नको म्हणतात त्यांच्या दारात प्रेमाने उभे राहणे हेही त्रास देणेच असते, आणि त्याला आज्ञापालनाचे नाव देऊ नये. डोळे थकले तर यादी निम्मी करून मंडळीतल्या एखाद्या तरुण मुलीच्या हाती सोपवा. हे काम तुमच्याच हातून संपले पाहिजे असे काही नाही. करिंथच्या मंडळीत पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले. लावणारा आणि पाणी घालणारा एकच असावा असा आग्रह देवाने धरला नाही.

मुलाचे व्हॉट्सअॅपचे म्हणणे मी दोन वाक्यांत निकालात काढतो. तो काळजीने बोलतो आहे, आणि ज्यांचा पत्ता हरवला पण नंबर आहे त्यांच्यासाठी त्याची मदत जरूर घ्या. बाकीच्यांना कार्डच जाऊ द्या, कारण तुम्हाला कार्ड सुचले होते.

आणि त्या दुधाच्या हिशेबाच्या घरी पुढच्या वाढदिवशी कार्ड पाठवाल, तेव्हा मजकूर थोडा वर घेऊन खाली जागा सोडा. हे मी थट्टेने म्हणत नाही. त्या घरात नुकतेच दुःख झाले आहे असे तुमच्या पत्रावरून दिसते. तिथे कागदाचा उपयोग होतो आहे हे तर तुम्ही पाहूनच आला आहात.

राहता राहिले १७ तारखेचे दोन वाढदिवस. नाना पेठ, भवानी पेठेतले कितीतरी वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि आपली पुष्कळ कुटुंबे वडगाव शेरी, उंड्री, पिंपरीकडे गेली. ‘पत्ता सोडून गेले’ या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा तेवढाच असतो. मंडळीच्या कार्यालयात सभासदांची जुनी नोंदवही मागून पाहा, त्या मुलीची एखादी मावशी-आत्या अजून उपासनेला येत असेल तर तिला विचारा. पत्ता मिळाला तर पाठवा. नाही मिळाला तर कार्ड लिहून कपाटात ठेवण्याच्या भरीस पडू नका. त्या सकाळी तिचे नाव घेऊन प्रार्थना करा आणि चहा घ्या. दुसऱ्याचे कार्ड मात्र १२ तारखेच्या आत पेटीत पडू द्या, कारण हल्ली पेठेतून पेठेत जायलाही टपालाला चार-पाच दिवस लागतात.

तुमचा,
सदरलेखक